चिन्ह, माणूस आणि प्रभागाचा आकार : नवी मुंबईतील निवडणूक निकालांचा आढावा

नवी मुंबईच्या निवडणूक निकालांवर गेल्या तीन दशकांत जे लिहिले गेले, त्यातील बराचसा भाग 'गड राखला' आणि 'बालेकिल्ला ढासळला' या दोन वाक्प्रयोगांतच फिरत राहिला आहे. बेलापूरच्या खऱ्या किल्ल्याचे पडके अवशेष खाडीकाठी कसेबसे उभे असताना राजकीय किल्ल्यांची ही वर्णने दर पाच वर्षांनी नव्याने रंगवली जातात आणि ती रंगवताना कोणत्या पक्षाला किती जागा मिळाल्या, एवढाच आकडा पुरेसा मानला जातो. या शहरात मात्र पक्षनिहाय आकडा फार काळ टिकत नाही, कारण येथे गणेश नाईक या एकाच माणसाने, त्याच्या कुटुंबाने आणि त्यांच्यामागे चालणाऱ्या नगरसेवकांच्या मोठ्या गटाने शिवसेना, राष्ट्रवादी काँग्रेस आणि भारतीय जनता पक्ष अशी तीन घरे बदलली आहेत. त्यामुळे निकाल वाचायचा तो कोणत्या कसोटीवर, हा प्रश्न येथे इतर शहरांपेक्षा अधिक टोकदार होतो. उपलब्ध निकाल एकमेकांशेजारी ठेवले असता असे दिसते की मत चिन्हाला पडते की माणसाला, हे नवी मुंबईत बव्हंशी मतदारसंघाच्या आकारावर ठरत आले आहे : मतदारसंघ जितका लहान, तितके माणसाचे वजन जास्त आणि तो जितका मोठा, तितकी चिन्हाची सत्ता अधिक.

या विधानाची पार्श्वभूमी शहराच्या घडणीत आहे. शहर वसवण्यासाठी सिडको, म्हणजे शहर व औद्योगिक विकास महामंडळ, मार्च १९७० मध्ये स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरवण्यात आली. त्यांपैकी उत्तरेकडचा, दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा पट्टा १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेच्या कारभाराखाली आला. या पट्ट्यात तीन प्रकारचे मतदार एकमेकांना चिकटून राहतात, पण एका कारणाने मत देत नाहीत. पहिले गावठाणातले, म्हणजे मूळ आगरी-कोळी वस्तीतले प्रकल्पग्रस्त. भूसंपादनाविरुद्धच्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांच्या नावाभोवती या समाजाची राजकीय स्मृती आजही बांधलेली आहे आणि संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची जी योजना पुढे राज्यभर आदर्श म्हणून सांगितली गेली, तिचा उगमही याच लढ्यात आहे. दुसरे नोडमधले, म्हणजे सिडकोने आखलेल्या वाशी, नेरूळ, सानपाडा, कोपरखैरणे, ऐरोली अशा वसाहतींतील सोसायट्यांत राहणारे नोकरदार, व्यापारी आणि माथाडी. तिसरे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या कडेने दिघा, इलठणपाडा, चिंचपाडा, तुर्भे स्टोअर अशा वस्त्यांत राहणारे कामगार. गावठाणातल्या मतदाराला वाढत्या कुटुंबासाठी मूळ घराशेजारी परवानगीशिवाय बांधलेली, 'गरजेपोटीची' म्हटली जाणारी घरे नियमित व्हायला हवी असतात. वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारतींत छताचे प्लास्टर अंगावर पडेल या धास्तीने राहणाऱ्याला पुनर्विकासासाठी वाढीव चटईक्षेत्र हवे असते, तर वस्तीतल्या मतदाराला नळ आणि घराचा पुरावा. पहिली मागणी सिडकोकडे, दुसरी राज्य सरकारच्या नगरविकास खात्याकडे आणि तिसरी महापालिकेकडे जाते, मात्र तिन्ही मागण्या घेऊन माणूस सर्वांत आधी ज्याच्या दारात जातो तो नगरसेवक असतो.

महापालिकेची पहिली निवडणूक १९९५ मध्ये झाली, शहराचे पहिले महापौर म्हणून शिवसेनेचे संजीव नाईक वयाच्या तेविसाव्या वर्षी निवडले गेले आणि त्यांचे वडील गणेश नाईक हे त्याच वर्षी बेलापूर विधानसभा मतदारसंघातून दुसऱ्यांदा आमदार होऊन राज्यात युतीच्या मंत्रिमंडळात गेले. त्या काळचा बेलापूर मतदारसंघ आजच्यासारखा आटोपशीर नव्हता, तर खाडीच्या दोन्ही बाजूंना पसरलेला विस्तीर्ण प्रदेश होता. पुढे नाईक शिवसेनेतून बाहेर पडले आणि १९९९ मध्ये राष्ट्रवादीच्या चिन्हावर उभे राहिले, तेव्हा शिवसेनेच्या सीताराम भोईर यांनी त्यांचा पराभव केला. ज्या माणसाने आपल्या भागात शिवसेना उभी केली, असे कार्यकर्ते आजही सांगतात, त्यालाच धनुष्यबाण हातातून गेल्यावर मोठ्या मतदारसंघाने घरी बसवले, ही घटना या आढाव्यातील पहिली नोंद ठरते. २००४ मध्ये नाईक त्याच जागेवर परत निवडून आले, तोवर चिन्हाची नवी ओळख रुजायला पाच वर्षे मिळाली होती. दरम्यान महापालिका त्यांच्या हातात होतीच. २०१० मध्ये ८९ जागांच्या सभागृहात राष्ट्रवादीने स्वबळावर बहुमत मिळवले आणि गणेश नाईक यांचे पुतणे सागर नाईक महापौर झाले.

या विधानाला बळकटी देणारा सर्वांत स्वच्छ पुरावा मे २०१४ ते एप्रिल २०१५ या अवघ्या अकरा महिन्यांत मिळतो, कारण या काळात तेच मतदार, तेच कुटुंब आणि तेच चिन्ह तीन वेगवेगळ्या आकारांच्या मतदारसंघांत तपासले गेले. लोकसभेला ठाणे मतदारसंघात संजीव नाईक शिवसेनेच्या राजन विचारे यांच्याकडून २ लाख ८१ हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले. ऑक्टोबरमध्ये विधानसभेला, जेथे मतदारसंघ लोकसभेच्या सहाव्या हिश्शाएवढा होतो, बेलापुरात भाजपच्या मंदा म्हात्रे यांना ५५,३१६, गणेश नाईक यांना ५३,८२५ आणि शिवसेनेचे विजय नाहटा यांना ५०,९८३ मते मिळाली. म्हणजे पहिल्या तीन उमेदवारांत साडेचार हजारांचेही अंतर नव्हते आणि नाईक हरले ते केवळ १,४९१ मतांनी. शेजारच्या ऐरोलीत त्यांचे धाकटे पुत्र संदीप नाईक त्याच मोदी लाटेत शिवसेनेच्या विजय चौगुले यांना हरवून आठ हजारांवर मताधिक्याने निवडूनही आले. पुढे २२ एप्रिल २०१५ रोजी महापालिकेसाठी मतदान झाले, तेव्हा केंद्रात आणि राज्यात सत्ता असलेल्या भाजपला शिवसेनेशी युती करून आणि चाळीसहून अधिक जागा लढवूनही ६ नगरसेवकांवर समाधान मानावे लागले, शिवसेनेला ३८ जागा मिळाल्या, काँग्रेसला १०, अपक्षांना ५ आणि राज्यभर पडझड झालेल्या राष्ट्रवादीला १११ पैकी ५२. दोन लाख ८१ हजारांची पिछाडी, मग दीड हजाराची, मग शहराच्या सभागृहात सर्वांत मोठा गट, ही उतरंड मोदी लाट ओसरल्यामुळे झाली असे तेव्हाच्या काही विश्लेषणांत म्हटले गेले, पण राज्यातल्या अन्य शहरांत त्यानंतरही भाजप वाढतच राहिला हे लक्षात घेता ते स्पष्टीकरण अपुरे वाटते. अकरा महिन्यांत लाट फारशी बदलली नाही, बदलला तो प्रभागाचा आकार.

तो आकार किती लहान होता हे आकड्यांत पाहिल्याशिवाय कळत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ११ लाख २० हजारांच्या आसपास होती आणि १११ प्रभागांत ती वाटली असता एका प्रभागाला जेमतेम दहा हजार लोक येतात. त्यातून मतदार नसलेले वजा केले आणि शहरी भागातील मतदानाची सवय लक्षात घेतली, तर तिरंगी लढतीत दीड-दोन हजार मते घेणारा उमेदवार निवडून येऊ शकत होता. नेरूळसारख्या नोडमध्ये दीड-दोन हजार मते म्हणजे वीस-पंचवीस सोसायट्या आणि मधले एक गावठाण. एवढ्या क्षेत्रात नगरसेवक हा पक्षाचा प्रतिनिधी राहत नाही, तो सोसायटीच्या वार्षिक सभेला येणारा, पाण्याचा दाब कमी झाला की पंपचालकाला फोन करणारा, गणपतीत मंडपाची पावती फाडणारा, दहावीचा निकाल लागला की वह्या वाटणारा माणूस होतो आणि मतदाराच्या दृष्टीने त्याच्या पाठीवर कोणते चिन्ह आहे हे त्याने काय केले यानंतर येते. गावठाणात तर हा हिशेब नात्यागोत्यांतून चालतो. म्हात्रे, पाटील, भोईर, भगत, मढवी, गवते या आडनावांपैकी कोणते आडनाव कोणत्या प्रभागात किती घरांचे आहे, हे प्रत्येक पक्षाच्या कार्यकर्त्याला तोंडपाठ असते. पक्षाकडून अधिकृत उमेदवारीसाठी दिले जाणारे पत्र, ज्याला सर्वत्र 'एबी फॉर्म' म्हणतात, ते शेवटच्या दिवशी दुपारी कोणाच्या हातात पडते यावरून भावकीत उभी फूट पडल्याची आणि मग एकाच घरातले दोघे दोन चिन्हांवर उभे राहिल्याची उदाहरणे या पट्ट्यात नवलाची नाहीत.

मतदार येथे राहतो, पण त्याचे मत येथेच असते असे नाही, ही नवी मुंबईची दुसरी खासियत लहान प्रभागांत फार परिणाम करते. मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीत हलवले गेले तेव्हा कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्याच्या गोण्या वाहणारे माथाडी कामगार त्यांच्यामागे आले. सातारा, सांगली आणि पुणे जिल्ह्यांतून आलेले हे लोक कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे भागात स्थिरावले, परंतु त्यांपैकी अनेकांचे नाव गावच्या यादीतही राहिले. विधानसभेचे मतदान एकाच दिवशी असल्याने आदल्या रात्री कोरेगाव, पाटण, खंडाळ्याकडे निघणाऱ्या गाड्यांची व्यवस्था हे तिकडच्या उमेदवाराचे काम असते आणि इकडचा उमेदवार त्या गाड्या निघू नयेत म्हणून धडपडत असतो. मार्च २०१४ मध्ये नवी मुंबईतील माथाडींच्या मेळाव्यात शरद पवार यांनी, साताऱ्यात आणि येथे मतदान वेगवेगळ्या दिवशी असल्याने आधी तिकडे घड्याळाला मत देऊन बोटाची शाई पुसून पुन्हा येथे यावे, अशा आशयाचे विधान केले. ते विनोदाने केले असा खुलासा त्यांनी नंतर केला आणि निवडणूक आयोगाने त्यांना नोटीस दिली. विनोद असो वा नसो, ज्या श्रोत्यांसमोर तो झाला त्यांना तो लगेच समजला, यातच या शहरातील मतदारयादीचे सगळे दुखणे आले. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये महापालिका आयुक्तांच्या निवासस्थानाच्या पत्त्यावर मतदारांची नावे नोंदवली गेल्याचा आरोप मनसेने केला, तेव्हा त्या दुखण्याला नवे तोंड फुटले.

माणूस निवडून आला की तो सभागृहात पक्षाचा राहतो का, या प्रश्नाचे उत्तर दोन प्रसंगांत मिळते. मे २०१६ मध्ये तुकाराम मुंढे महापालिका आयुक्त म्हणून आले, अनधिकृत बांधकामे, कंत्राटे आणि फेरीवाले यांवर त्यांनी घेतलेल्या भूमिकेमुळे सर्वपक्षीय नगरसेवकांशी त्यांचा संघर्ष सुरू झाला आणि २५ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव मांडण्यात आला. महापालिका अधिनियमानुसार असा ठराव मंजूर होण्यासाठी एकूण सदस्यांच्या पाच-अष्टमांश, म्हणजे १११ च्या सभागृहात ७०, मते लागतात. प्रत्यक्षात भाजपचे सहा नगरसेवक वगळता राष्ट्रवादी, शिवसेना, काँग्रेस आणि अपक्ष असे जवळजवळ सारे सभागृह ठरावाच्या बाजूने उभे राहिले. दीड वर्षापूर्वी एकमेकांविरुद्ध लढलेल्या पक्षांत त्या दिवशी जी रेषा पडली ती पक्षांमधली नव्हतीच. प्रभागातील माणूस एकीकडे आणि प्रशासन दुसरीकडे, अशी ती रेषा होती. मुख्यमंत्र्यांच्या पक्षाचे सहा जण तेवढे वेगळे राहिले. राज्य सरकारने ठरावाची अंमलबजावणी रोखली, मुंढे मार्च २०१७ पर्यंत पदावर राहिले आणि शहरातील सोसायट्यांत आयुक्तांच्या समर्थनार्थ फेऱ्याही निघाल्या. नोडमधला सुशिक्षित मतदार आणि त्यानेच निवडलेला नगरसेवक यांच्यात किती अंतर असू शकते, हे एवढ्या उघडपणे पूर्वी कधी दिसले नव्हते.

दुसरा प्रसंग सप्टेंबर २०१९ मधला. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर गणेश नाईक भाजपमध्ये दाखल झाले आणि त्यांच्याबरोबर राष्ट्रवादीच्या ५२ पैकी ४८ नगरसेवक गेले. स्थानिक संस्थांना लागू असलेल्या पक्षांतरबंदी कायद्यात विलीनीकरणासाठी असलेली दोन-तृतीयांशाची अट ५२ जणांच्या गटात ३५ इतकी होते आणि ही संख्या ती सहज ओलांडणारी होती. एकही मत न मोजता सहा नगरसेवकांचा पक्ष महापालिकेत सत्ताधारी झाला. पक्षनिहाय तक्त्यांवर विसंबून राहणाऱ्या टीकाकाराला हा प्रसंग चमत्कारिक वाटेल, पण चार वर्षांपूर्वी ज्यांना मत मिळाले होते तेच लोक आपापल्या खुर्चीवर बसलेले होते आणि प्रभागात कोणाच्या घरासमोरचा पथदिवा बंद पडला असता तो लागायला पूर्वीइतकाच वेळ लागत होता.

मोठ्या मतदारसंघात माणसाने चिन्हावर मात केल्याचा दाखला शोधायचा तर २००९ ची लोकसभा निवडणूक समोर येते, कारण त्या वेळी संजीव नाईक राष्ट्रवादीच्या चिन्हावर ठाण्यासारख्या शिवसेनेच्या पारंपरिक मतदारसंघातून विजयी झाले होते. तथापि त्या निवडणुकीत मनसेचे राजन राजे यांनी लाखाहून अधिक मते घेतली आणि ती शिवसेनेच्या पोटातली होती, हे लक्षात घेतले म्हणजे हा अपवाद नियमाला धक्का देत नाही. तेथे चिन्ह हरले नाही, ते दोघांत वाटले गेले. पुढच्याच निवडणुकीत ती मते बव्हंशी एकत्र आल्यावर काय झाले हे वर आलेच आहे.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीने हा प्रश्न आणखी अवघड करून ठेवला. २०१९ मध्ये भाजपने बेलापूर मंदा म्हात्रे यांच्याकडेच ठेवले होते, ऐरोलीची उमेदवारी आधी संदीप यांना दिली होती आणि मग संदीप यांनी ती वडिलांसाठी सोडली होती. पाच वर्षांनी संदीप भाजप सोडून शरद पवार यांच्या राष्ट्रवादीत गेले व बेलापुरात म्हात्रे यांच्यासमोर उभे राहिले, तर वडील शेजारच्या ऐरोलीत भाजपचेच उमेदवार होते. एकाच दिवशी, एकाच शहरात, एकाच घरातील दोघे परस्परविरोधी आघाड्यांतून लढले. निकालात गणेश नाईक ९० हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आले आणि बेलापुरात म्हात्रे यांना ९१,८५२ तर संदीप यांना ९१,४७५ मते मिळाली, म्हणजे फरक ३७७ मतांचा राहिला. हे दोन आकडे एकत्र वाचले पाहिजेत. ऐरोलीत माणूस आणि राज्यातले वाहते चिन्ह एकाच बाजूला होते, म्हणून अंतर एवढे वाढले, तर बेलापुरात ते एकमेकांसमोर होते आणि जवळजवळ बरोबरीत सुटले. विधानसभा मतदारसंघाचा आकार नेमका असा मधला आहे की तेथे ही दोन वजने एकमेकांना तोलतात, असा निष्कर्ष यातून काढता येतो, अर्थात महायुतीला राज्यभर मोठा कौल मिळत असताना बेलापुरात ती काठावर वाचली याचे काही श्रेय म्हात्रे यांच्याही स्वतःच्या जनसंपर्काला द्यावे लागेल. समालोचनात नाईक कुटुंबावर इतका प्रकाश पडतो की एका स्त्री उमेदवाराने त्याच कुटुंबातील वडिलांना १,४९१ आणि मुलाला ३७७ मतांनी हरवले, ही गोष्ट अनेकदा तळटीपेत जाते. तिला मजकुरात आणणे न्याय्य ठरेल. संदीप नाईक पुढे २०२५ मध्ये भाजपमध्ये परतले.

या साऱ्या काळात लहान प्रभागातील माणूस मात्र अधिकृतपणे अस्तित्वात नव्हता. २०१५ च्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली, एप्रिलमध्ये अपेक्षित असलेली निवडणूक कोविडमुळे पुढे ढकलली गेली आणि आयुक्तच प्रशासक झाले. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३-यू प्रमाणे नगरपालिकेची मुदत पाच वर्षांहून अधिक असू शकत नाही आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. नवी मुंबईत एका सभागृहाच्या मुदतीहून अधिक काळ सभागृहच नव्हते. साथ सरल्यावर कारण बदलले. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास गवळी प्रकरणात इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी तिहेरी चाचणी बंधनकारक केली : समर्पित आयोग नेमणे, त्याने प्रत्येक संस्थेपुरती प्रत्यक्ष आकडेवारी गोळा करणे आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवणे. या चाचणीसाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल, सरकार बदलणे, प्रभागसंख्येचे नवे-जुने कायदे आणि 'जैसे थे' आदेश यांत वर्षे गेली. अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने बांठिया अहवालापूर्वीच्या आरक्षणाप्रमाणे चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले आणि नंतर ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवली. प्रशासक हा एकाच वेळी स्थायी समिती, सर्वसाधारण सभा आणि अंमलबजावणी करणारा अधिकारी असतो, म्हणजे अर्थसंकल्प मांडणारा, मंजूर करणारा आणि खर्च करणारा एकच. या काळात शहर चालले नाही असे म्हणता येणार नाही, स्वच्छ सर्वेक्षणात नवी मुंबईने वरचे क्रमांक मिळवले. पण मंजुरीआधी प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. चौकाचौकांतल्या फलकांवर 'माजी नगरसेवक' हे बिरूद पाच वर्षे टिकून राहिले. पद नसतानाही लोक त्यांच्याचकडे जात राहिले, याचा अर्थ प्रभागातील माणसाचे महत्त्व कायद्याने दिलेल्या अधिकारावर फारसे अवलंबून नव्हते.

प्रभागाचा आकार मात्र याच दरम्यान कायद्याने बदलला. राज्यात बहुसदस्यीय प्रभागपद्धती, ज्याला लोक 'पॅनल' म्हणतात, कधी आली आणि कधी गेली : २०१२ मध्ये एका प्रभागातून दोन, २०१७ मध्ये चार, २०१९ नंतर पुन्हा एक, मग तीन आणि २०२२ मध्ये परत चार. नवी मुंबईचे निवडणूक वर्ष इतर मोठ्या शहरांहून वेगळे असल्याने २०१५ पर्यंत येथील मतदाराने एकच बटण दाबले होते. तीनसदस्यीय कायद्याच्या काळात येथे १२२ जागांचा आराखडा तयार झाला आणि कागदावरच राहिला. शेवटी १११ जागा २८ प्रभागांत वाटल्या गेल्या, त्यांपैकी २७ प्रभाग चार जागांचे आणि एक तीनचा. मुंबई शहरापुरता एकसदस्यीय नियम कायम ठेवून बाकी सर्वांना पॅनल का, याचे पटण्यासारखे उत्तर कोणत्याही सरकारने दिलेले नाही.

पॅनलमध्ये मतदानकक्षात काय घडते ते जवळून पाहिले की त्याचा परिणाम उमगतो. मतदारासमोर 'अ', 'ब', 'क', 'ड' अशा चार जागांच्या निरनिराळ्या रंगांच्या मतपत्रिका यंत्रांवर लावलेल्या असतात, प्रत्येक जागेचे आरक्षण वेगळे असते आणि त्याला प्रत्येक जागेसाठी एक, अशी चार बटणे दाबावी लागतात. चौथे मत नोंदले जाईपर्यंत शेवटची शिटी वाजत नाही, म्हणून एखादी वयस्क बाई एका ओळखीच्या नावासमोरचे बटण दाबून बाहेर निघू लागली की केंद्रावरचा कर्मचारी तिला परत बोलावतो आणि उरलेल्या जागांना कोणीच पसंत नसेल तर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण दाबायला सांगतो. चाळीस हजार लोकसंख्येच्या प्रभागात चारही उमेदवारांना ओळखणारा मतदार विरळा, त्यामुळे एक ओळखीचा चेहरा आणि बाकी तीन ठिकाणी तेच चिन्ह, असा मार्ग बहुतेक जण धरतात. नियमाप्रमाणे या चार स्वतंत्र लढती असतात, तरी प्रत्यक्षात पक्ष एकच गाडी चार जणांना पुरवतो. दोन सोसायट्या आणि एक गावठाण सांभाळणारा अपक्ष, ज्याला २०१५ मध्ये सभागृहात जागा मिळाली होती, चौपट क्षेत्रात खर्चानेच दमतो.

शेजारच्या पनवेलमध्ये हे आधीच दिसून आले होते. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे सिडकोचे नोड आणि जुने पनवेल शहर मिळून १ ऑक्टोबर २०१६ रोजी झालेल्या महापालिकेची पहिली निवडणूक २४ मे २०१७ रोजी पॅनल पद्धतीने झाली. ७८ जागांपैकी भाजपला ५१, शेतकरी कामगार पक्षाला २३, काँग्रेस व राष्ट्रवादीला प्रत्येकी २ मिळाल्या आणि शिवसेनेला एकही नाही. तिसऱ्या पक्षाला मते मिळतात पण जागा मिळत नाहीत, हा पॅनलचा गुण म्हणावा की दोष, हे पहिल्या दोनांत कोण आहे त्यावर ठरते.

नवी मुंबईत १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. राज्यात एकत्र सत्तेत असलेले भाजप आणि एकनाथ शिंदे यांची शिवसेना येथे समोरासमोर लढले. वनमंत्री गणेश नाईक आणि नगरविकास खाते हाती असलेले शिंदे यांच्यातील जुनी स्पर्धा, कल्याण-शिळ परिसरातील १४ गावे महापालिकेत घ्यावीत की नाहीत यावरचा वाद आणि पॅनलमध्ये कोणाचा माणूस 'अ' जागेवर यावरून झालेली ओढाताण, हे सारे त्यामागे होते. निकालात भाजपला स्वबळावर स्पष्ट बहुमत मिळाले, शिंदे यांची शिवसेना दुसऱ्या क्रमांकावर राहिली आणि या दोन पक्षांनी मिळून जवळजवळ सगळे सभागृह व्यापले. अकरा वर्षांपूर्वी दहा जागा जिंकणारी काँग्रेस आणि पाच अपक्ष ज्या फटींतून आत आले होते त्या मोठ्या प्रभागात उरल्याच नाहीत. हा निकाल 'नाईकांचा' की 'भाजपचा' यावर लगेच वाद झडला. पॅनलमध्ये दोन्ही गोष्टी एकाच बटणावर असतात आणि निकालपत्रकातून त्या वेगळ्या काढता येत नाहीत, त्यामुळे तो वाद पुढच्या पक्षांतरापर्यंत सुटणे कठीण आहे.

या साऱ्या मोजणीचा पाया अजूनही २०११ ची जनगणना आहे. त्यानंतर घणसोली आणि कोपरखैरणे किती भरली, जुन्या इमारतींच्या जागी किती मजले चढले, याचा हिशेब प्रभागरचनेत नाही. नव्या जनगणनेनंतर प्रभाग पुन्हा आखले जातील, तेव्हा आकाराचा प्रश्न पुन्हा उघडेल. खाडीपलीकडे, विमानतळाला लागून असलेला उलवे नोड मात्र अद्याप कोणत्याही महापालिकेत नाही. तेथील वीस-वीस मजली इमारतींतल्या सदनिकाधारकांच्या आधारकार्डावर नवी मुंबई असा पत्ता असतो, सिडकोचे सेवाशुल्क ते भरतात आणि स्थानिक निवडणुकीत त्यांचे मत ग्रामपंचायतीच्या वॉर्डात पडते, जेथे काही शे मतांवर सदस्य निवडून येतो आणि उमेदवार पक्षाच्या चिन्हावर उभाच राहत नाही.